विद्यासंस्थेच्या दाराशी राजकारण

सुरतेहून तापी ओलांडून हजिऱ्याच्या वाटेस लागले म्हणजे इच्छापोर लागते. कधी काळी हे शेतीवाडीचे गाव होते. आज त्याच्या अंगाखांद्यावर कारखान्यांच्या वसाहती, हिऱ्यांच्या पेढ्या आणि मालमोटारींचे तळ आहेत, आणि पुढे हजिऱ्यास खत, पोलाद व नैसर्गिक वायू यांचे मोठे व्यवसाय समुद्राच्या तोंडाशी उभे आहेत. या धंद्यांच्या निमित्ताने महाराष्ट्रातून, गोव्यातून, कारवार-मंगळूर बाजूने आलेली कुटुंबे येथे स्थिरावली. त्यांतील काही इंजिनिअर मंडळींनी मिळून एक लहानसे अभ्यासमंडळ काढले आहे. महिन्यातून एका रविवारी, देवळातील आरती आटोपल्यावर, मागच्या दालनात जमावे. कोणी बॉयलरवर, कोणी वेल्डिंगवर, कोणी पंपांच्या कंपनावर निबंध वाचावा. तासभर प्रश्नोत्तरे व्हावीत आणि पोहे-चहा घेऊन घरोघर जावे, असा त्याचा साधा क्रम. आम्ही इंजिनिअर नव्हे. परंतु मंडळाची घटना आम्हीच लिहून दिली असल्यामुळे त्या पोह्यांचे आम्हीही वाटेकरी आहोत.

या मंडळापुढे मागल्या वर्षी एक पेच आला. समुद्राकाठच्या नळांना लागणारा गंज या विषयात जाणकार असलेल्या एका तरुण इंजिनिअराने सभासदत्वासाठी अर्ज केला. त्याच्या ज्ञानाविषयी कोणास शंका नव्हती. परंतु गेल्या निवडणुकीत त्याने एका पक्षासाठी घरोघर फिरून प्रचार केला होता आणि वर्तमानपत्रांत पत्रे लिहून विरुद्ध बाजूच्या लोकांवर बरेच तिखट शब्द वापरले होते. मंडळातील चारपाच सभासद त्या विरुद्ध बाजूचे. पक्ष कोणता, हे येथे सांगण्याचे कारण नाही. प्रत्येक वाचकाने आपल्या मनातील नावडत्या पक्षाचे नाव तेथे घालून पाहावे, म्हणजे आम्ही पुढे जे म्हणणार आहो त्याची खरी कसोटी लागेल. कार्यवाहांनी आम्हांस विचारले, “वकीलसाहेब, कायदा काय म्हणतो तेवढे सांगा, म्हणजे आम्ही मोकळे.”

कायदा काय म्हणतो ते सांगण्यास आम्हांस पाच मिनिटेही लागली नाहीत. खाजगी संस्थेचे सभासदत्व हा मुळात एक करार आहे. संस्थेने कोणास घ्यावे हे तिच्या नियमांनी ठरते. आणि एकदा आत घेतलेल्या मनुष्यास काढावयाचे तर नियम काटेकोर पाळून, त्यास आपली बाजू मांडण्याची संधी देऊन, शुद्ध हेतूनेच काढावे लागते. आमच्या बेळगावच्या लॉज व्हिक्टोरिया या फ्रीमेसनांच्या संस्थेतून काढलेल्या एका सभासदाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६२ साली तेथे हीच तत्त्वे सांगितली गेली. सभासद मात्र हरला, कारण नियम पाळले गेले होते. सरकारलाही संस्थेच्या दारातून आपली माणसे आत ढकलता येत नाहीत. अलाहाबादच्या हिंदी साहित्य संमेलनासाठी १९६२ साली संसदेने कायदा करून त्या संस्थेची घडण व सभासदवर्ग बदलला, तेव्हा १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरविला. संघ स्थापन करण्याच्या हक्कातच आपण निवडलेल्या सोबत्यांसह तो संघ चालू ठेवण्याचा हक्क येतो, असा त्या निर्णयाचा गाभा. पुढे २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सभासदत्व आपल्या समाजापुरते राखण्याचा नियमही त्याच न्यायालयाने वैध मानला. तेव्हा इच्छापोरच्या मंडळाने त्या तरुणाचा अर्ज कारण न देता नाकारला असता, तर कोणत्याही कोर्टाने त्यांचा कान धरला नसता.

परंतु एखादी गोष्ट कायद्याने करता येते एवढ्यावरून ती करावी असे होत नाही. कार्यवाहांस आम्ही म्हटले, “कायद्याचे उत्तर झाले, आता इतिहासाचे ऐका.” ते कपाळाला आठ्या घालून बसून राहिले, हा त्यांचा मोठेपणा.

या प्रश्नाचे आपल्या देशातील सर्वांत बोलके उदाहरण १८५७ सालचे आहे, आणि ते कलकत्त्याचे आहे. छायाचित्रणाची विद्या तेव्हा नवीन होती. काचेवर रसायने चढवावयाची, ती ओली असतानाच प्रकाशचित्र घ्यावयाचे आणि काळोख्या खोलीत लगोलग धुवावयाचे, असा तो खटाटोप. रसायनशास्त्र, प्रकाशशास्त्र आणि हातचलाखी या तिन्हींची त्यास गरज पडे. म्हणून ठिकठिकाणी या कलेच्या संस्था निघाल्या. मुंबईस १८५४ साली निघाली, कलकत्त्यास १८५६ साली. कलकत्त्याच्या संस्थेचे कोषाध्यक्ष होते राजेंद्रलाल मित्र. १८४६ पासून बंगालच्या एशियाटिक सोसायटीत सहायक कार्यवाह व ग्रंथपाल म्हणून काम करून त्यांनी संस्कृत हस्तलिखितांचा आणि शिलालेखांचा असा व्यासंग केला होता की, युरोपातील पंडितांसही त्यांची दखल घ्यावी लागे.

त्या सुमारास एक कायदा विचाराधीन होता. जिल्ह्याजिल्ह्यांतून राहणाऱ्या युरोपीय लोकांवरील फौजदारी खटले देशातील सामान्य कोर्टांत चालावेत, असा त्याचा आशय. तोपर्यंत बंगालच्या खेड्यात निळीच्या मळेवाल्याने रयतेवर हात टाकला तर त्या रयतेस फिर्याद घेऊन दूर कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत जावे लागे. म्हणजे व्यवहारात फिर्यादच नाही. मळेवाल्यांनी या कायद्यास ‘काळा कायदा’ असे नाव देऊन रान उठविले. एप्रिल १८५७ मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये कायद्याच्या बाजूने हिंदी लोकांची सभा झाली. तीत राजेंद्रलाल बोलले आणि निळीच्या मळेवाल्यांच्या वर्तनावर त्यांनी निर्भीड टीका केली. झाले! छायाचित्रण संस्थेत युरोपीय सभासदांचा भरणा होता. ज्याने आमच्या जातभाईंची अशी नालस्ती केली त्याच्या मांडीला मांडी लावून आम्ही बसणार नाही, असे त्यांनी घेतले. आणि राजेंद्रलालांस संस्थेबाहेर काढण्यात आले. पुढच्याच महिन्यात मीरतेस उठाव झाला आणि या लहानशा प्रकरणाकडे पाहण्यास कोणास सवड राहिली नाही.

आता या प्रकरणात कोणाचे काय म्हणणे होते, याचा आपण वकिलासारखा विचार करू. राजेंद्रलालांची छायाचित्रे वाईट होती, असा आरोप नव्हता. हिशेबात घोळ केला, असाही नव्हता. आणि कोषाध्यक्षावर तोच आरोप सर्वांत सोपा असतो, हे कोणत्याही देवस्थान समितीवर काम केलेल्या गृहस्थास सांगावयास नको. भाषण संस्थेच्या सभेत झाले नव्हते आणि संस्थेच्या नावाने झाले नव्हते. विरुद्ध बाजूचा युक्तिवाद एकच होता: संस्था स्नेहावर चालते, आणि या मनुष्याच्या राहण्याने स्नेह राहणार नाही. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ आहे असे आम्ही म्हणणार नाही. लहान संस्था खरोखरीच स्नेहावर चालते. परंतु स्नेह बिघडतो म्हणून बाहेर जावे कोणी? ज्याने बाहेर टाऊन हॉलमध्ये भाषण केले त्याने, की ज्यांनी ते भाषण उचलून संस्थेच्या खोलीत आणले त्यांनी? राजकारण संस्थेत आणले ते राजेंद्रलालांनी नव्हे. त्यांस काढणाऱ्यांनी आणले.

राजेंद्रलालांचे त्यामुळे फारसे बिघडले नाही. ओरिसाच्या प्राचीन अवशेषांवर आणि बुद्धगयेवर त्यांनी मोठे ग्रंथ लिहिले, आणि १८८५ साली ते बंगालच्या एशियाटिक सोसायटीचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले. ज्या संस्थेत १८२९ पर्यंत हिंदी मनुष्यास सभासद म्हणून प्रवेशच नव्हता, तिच्या अध्यक्षपदावर ते बसले. छायाचित्रण संस्थेतून त्यांस काढणाऱ्यांची नावे आज अभ्यासकांवाचून कोणास ठाऊक नाहीत.

याच काळात मुंबईस काय चालले होते ते पाहणे आम्हां मराठी-कोकणी मंडळींच्या दृष्टीने अगत्याचे आहे. मुंबईच्या छायाचित्रण संस्थेत डॉ. भाऊ दाजी लाड होते. भाऊ दाजी मूळचे गोव्यातील पेडणे महालातल्या मांद्रे गावचे. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही वैद्यक शिकलेले आणि स्वतः हौशी व कुशल छायाचित्रकार. भाऊ दाजी राजकारणापासून अलिप्त होते म्हणून त्यांस संस्थेत जागा मिळाली, असे कोणी समजू नये. १८५२ साली निघालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते एक चिटणीस होते, आणि त्या असोसिएशनने कंपनी सरकारच्या कारभारावर पार्लमेंटकडे जो अर्ज केला, तो मुंबईतील पुष्कळ इंग्रजांस झोंबला होता. तरीसुद्धा छायाचित्रणाच्या संस्थेत त्यांचे स्थान राहिले. आणि पुढे मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेत तर ते उपाध्यक्षपदापर्यंत गेले. अजिंठ्याचे लेख, गुप्त राजांचे लेख, कालिदासाचा काळ यांवरील त्यांचे निबंध त्या संस्थेच्या नियतकालिकात आले. समजा, १८५२ च्या अर्जाचा राग धरून मुंबईकरांनी कलकत्त्यासारखे केले असते, तर तोटा भाऊ दाजींचा किती आणि संस्थेचा किती, याचा हिशेब अवघड नाही.

अर्थात यावरून मुंबईचे इंग्रज अधिक उदार होते, असे अनुमान आम्ही काढणार नाही. सर जेम्स मॅकिंटॉश या न्यायाधीशाने १८०४ साली स्थापिलेली मुंबईची ही विद्यासंस्था पस्तीस वर्षे केवळ गोऱ्यांची होती. माणकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांचा अर्ज पहिल्या खेपेस फेटाळला गेला आणि १८४० साली त्यांस प्रवेश मिळाला. तेच पहिले हिंदी सभासद. फ्रीमेसनांच्या मंडळातही त्यांस येथे दार बंद होते. त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली, आणि मग १८४३ साली मुंबईत हिंदी लोकांसाठी वेगळे लॉज उघडावे लागले. ही गोष्ट ‘राजकारण’ या नावाखाली कोणी घातली नसती. जो राज्य करतो त्याचे राजकारण त्यास नेहमी सभ्यताच वाटते. राजकारण म्हणून ओळखले जाते ते नेहमी दुसऱ्याचे! १८९२ साली याच संस्थेच्या अध्यक्षपदी न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग आले, तेव्हा ते तीन वर्षे उच्च न्यायालयाच्या आसनावर असल्यामुळे प्रत्यक्ष चळवळीपासून दूर होते हे खरे. परंतु १८८५ सालच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनच्या आणि त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या पहिल्या काँग्रेसच्या मंडळींत ते होते, हे कोणी विसरले नव्हते. बावन्न वर्षांत दार एवढे उघडले.

सुरतेच्या मातीचाही या इतिहासात वाटा आहे. लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे जहाजबांधणीचे कसबी. १७३६ साली ते मुंबईस गेले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गोदीत जहाजे बांधली. त्याच घराण्यातील अर्देशिर कर्सेटजी यांनी गोदीच्या परंपरेत वाफेच्या यंत्राची विद्या आणली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस फेलो म्हणून निवडले, आणि त्याच सुमारास मुंबईच्या वाफ-कारखान्यात मुख्य इंजिनिअर म्हणून त्यांची नेमणूक होऊन युरोपीय कारागीर त्यांच्या हाताखाली आले. हिंदी मनुष्यास गोऱ्यांवर हुकूम चालविण्याचा अधिकार द्यावा की नाही, हा त्या काळी अत्यंत राजकीय प्रश्न होता. रॉयल सोसायटीने तो विचारला असता तर अर्देशिरांची निवड झाली असती की नाही, शंकाच आहे. तिने यंत्राविषयी विचारले. अर्थात त्या सोसायटीनेही पुढचा हिंदी फेलो, म्हणजे रामानुजन, निवडला तो १९१८ साली; मध्ये सत्त्याहत्तर वर्षे गेली. तेव्हा तिचे फार गोडवे गाण्याचेही कारण नाही.

येथे कोणी म्हणेल की, सुरतेचे नाव घेता आणि १९०७ विसरता? विसरलो नाही. डिसेंबर १९०७ मध्ये तापीकाठच्या फ्रेंच बागेत काँग्रेसचे अधिवेशन भरले. लोकमान्य टिळक व्यासपीठावर बोलण्यास उभे राहिले, गोंधळ झाला, दक्षिणी जोडा उडाला, खुर्च्यांची फेकाफेक झाली, आणि जहाल-मवाळांची फाटाफूट झाली. पुढच्या एप्रिलमध्ये अलाहाबादेस मवाळांनी काँग्रेसची ध्येयधोरणे लेखी ठरविली आणि त्यांवर सही करील तोच प्रतिनिधी, असा नियम केला. टिळकांच्या पक्षास पुन्हा आत यावयास १९१६ चे लखनौ उजाडावे लागले. ते धोरण शहाणपणाचे होते की नव्हते, यावर आमच्या घरात आजोबांच्या काळी जेवणे थंड होत असत. परंतु सदस्याचे राजकीय मत विचारण्याचा काँग्रेसचा अधिकार मात्र कोणी नाकारला नाही, आणि नाकारता येणारही नाही. कारण ती संस्थाच राजकीय मताची. भजनी मंडळाने सूर पाहावा, तालमीने दंड पाहावे, पक्षाने मत पाहावे. तालमीने मत पाहू लागावे आणि पक्षाने दंड, म्हणजे दोहोंचाही विचका.

आमच्या स्वतःच्या धंद्याकडे वळलो तर दृश्य फारसे अभिमानास्पद नाही. लंडनच्या वकिली संस्थांनी, ज्यांस ‘इन’ म्हणतात, १९०९ साली दोन हिंदी माणसांस राजकारणासाठी दार बंद केले. कच्छ-मांडवीचे श्यामजी कृष्णवर्मा यांचे नाव इनर टेंपलने पटावरून काढले. आणि ग्रेज इनने विनायक दामोदर सावरकर यांस, परीक्षा उत्तीर्ण असूनही, बॅरिस्टरीची सनद दिली नाही. १९२२ साली गांधीजींस अहमदाबादेस राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात इनर टेंपलने त्यांचेही नाव खोडले. त्यानंतर काय? १९८८ साली गांधीजींचे नाव आणि २०१५ साली श्यामजींचे नाव त्याच संस्थेने पुन्हा पटावर घेतले. दोघेही हयात नव्हते. खोडलेल्या नावावर पुन्हा शाई फिरविण्यास एकास सहासष्ट वर्षे लागली, दुसऱ्यास एकशेसहा.

वकिलाची सनद ही अभ्यासमंडळाच्या सभासदत्वाहून वेगळी वस्तू आहे, हे आम्ही मान्य करतो. तिच्यावर पोट अवलंबून असते, आणि कायद्याच्या बळावर जगणाऱ्याने कायदा मोडण्याची प्रतिज्ञा घ्यावी काय, हा खरा प्रश्न आहे. रौलट कायद्याच्या वेळी, १९१९ मध्ये, अहमदाबादच्या काही वकिलांनी सत्याग्रहाच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या, तेव्हा तेथील जिल्हा न्यायाधीश केनेडी यांनी मुंबईच्या उच्च न्यायालयास पत्र लिहून त्यांच्याविरुद्ध कारवाई मागितली. उच्च न्यायालयाने वकिलांस कडक शब्दांत समज दिली, परंतु त्यांच्या सनदा काढून घेतल्या नाहीत. (ते पत्र ‘यंग इंडिया’त छापल्याबद्दल गांधीजी व महादेवभाई यांच्यावर बेअदबीचा खटला झाला, आणि १९२० च्या मार्चमध्ये तोही नुसत्या ताशेऱ्यावर संपला.) परक्या राज्यातील उच्च न्यायालयाने येथे लंडनच्या इनांहून अधिक संयम दाखविला, हे नमूद करणे आमच्यासारख्या वकिलाचे कर्तव्यच आहे. जेथे राजकीय कृती थेट धंद्याच्या शपथेवर येते, तेथेसुद्धा न्यायालय जपून पावले टाकते. मग नळांच्या गंजावर निबंध वाचणाऱ्या मंडळाने एवढी घाई का करावी?

युरोपातही हा रोग येऊन गेला आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली ब्रुसेल्स येथे आंतरराष्ट्रीय संशोधन परिषद स्थापन झाली, तीच मुळी जर्मनी व तिच्या मित्रराष्ट्रांस वगळून. गणितज्ञांच्या १९२० च्या स्ट्रासबर्गच्या आणि १९२४ च्या टोरांटोच्या परिषदांत जर्मनांस बोलावणे नव्हते. केंब्रिजचे हार्डी, ज्यांनी रामानुजनला विलायतेस नेले, ते या बहिष्काराच्या उघड विरोधात होते. १९२६ साली बंदीचा नियम मागे घेतला गेला, तेव्हा जर्मन मंडळी रुसून परिषदेबाहेरच राहिली. आणि १९२८ साली बोलोन्यास हिल्बर्ट यांच्या नेतृत्वाखाली जर्मन गणिती आले तेव्हा दहा वर्षांची ती गाठ सुटली. बरे, एवढा कडू अनुभव घेऊन बर्लिनचे पंडित तरी शहाणे झाले असतील? १९३३ साली आइन्स्टाइन यांनी प्रशियाच्या अकादमीचा राजीनामा दिला, आणि त्यांच्या जाण्याचे आम्हांस दुःख होण्याचे कारण नाही, असे जाहीर पत्रक अकादमीने काढले. माक्स फॉन लाउए यांनी ते मागे घ्यावे म्हणून खटपट केली. तिला पाठबळ मिळाले नाही. याच्या उलट, १९८० साली सोव्हिएत सरकारने साखारोव्ह यांस गोर्कीस धाडले, त्यांचे सन्मान काढून घेतले. परंतु विज्ञान अकादमीचे त्यांचे सभासदत्व मात्र शेवटपर्यंत कायम राहिले. हुकूमशाहीतील अकादमीस जे जमले ते इच्छापोरास न जमावे?

येथे कार्यवाहांनी आम्हांस मध्येच थांबवून एक मार्मिक प्रश्न विचारला. “तुम्ही म्हणता ते थोरामोठ्यांचे झाले. आइन्स्टाइनला काढणारे चुकले हे आज कोणीही सांगेल. आमच्याकडे आलेला मनुष्य आइन्स्टाइन नाही आणि राजेंद्रलालही नाही. त्याने माझ्या मेव्हण्याविषयी वर्तमानपत्रात वाटेल ते लिहिले आहे. त्याचे काय?”

या प्रश्नास आम्हांस इतिहासातून उत्तर देता आले नाही. तेव्हा जी गोष्ट आम्ही आजवर कोणापाशी बोललो नव्हतो ती सांगितली. सुमारे वीस वर्षांपूर्वी, आम्ही नुकते वकिलीस लागलो असता, कायद्याच्या एका अभ्यासमंडळात होतो. तेथे सभासद घेण्याची पद्धत जुन्या क्लबांसारखी, पेटीत पांढरी किंवा काळी गोटी टाकण्याची होती. हौस म्हणून कोणी ती आणली होती. एका गृहस्थांचा अर्ज आला. जमीन महसुलाच्या जुन्या दप्तरांचे त्यांस उत्तम ज्ञान. परंतु ते ज्या चळवळीत होते तिची आम्हांस त्या वयात मनस्वी चीड. मतदान गुप्त असल्यामुळे आमचा हात कोणी पाहिला नाही. दोन काळ्या गोट्या निघाल्या आणि नियमाप्रमाणे अर्ज नामंजूर झाला. त्यांतील एक आमची होती. सातआठ वर्षांनी इनामी जमिनीच्या एका वादात आम्ही अडलो. ज्या जुन्या नोंदींचा अर्थ आम्हांस लागेना, तो त्या गृहस्थांनी आमच्या अशिलास एका दुपारी, काही न घेता, समजावून दिला. त्यांस काळी गोटी कोणाची ते ठाऊक नव्हते. दावा आम्ही जिंकला. त्यांच्याकडे जाऊन सांगावे असे पुष्कळदा मनात आले, गेलो नाही. आता ते हयात नाहीत.

कार्यवाह काही बोलले नाहीत. मेव्हण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

मग आम्ही मंडळास जो लेखी सल्ला दिला तो थोडक्यात असा. अर्जदारास एवढेच विचारावे की विषयाचे ज्ञान किंवा जिज्ञासा आहे काय, वर्गणी देणार काय, आणि मंडळाच्या बैठकीत मंडळाच्याच विषयावर बोलणार काय. तिसरा प्रश्न सर्वांस सारखा लागू, आजच्या सभासदांसही. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या विद्यार्थ्यांनी चालविलेल्या चर्चासभांपासून आपल्याकडे धर्म व राजकारण बाहेर ठेवण्याचा नियम करण्याची चाल आहे. तो नियम विषयापुरता असतो, माणसापुरता नव्हे. जो सभासद मंडळाच्या खोलीत प्रचार करील, मंडळाचे नाव पत्रकावर छापील, किंवा निवडणुकीतल्या वैराने दुसऱ्याच्या निबंधात खोडा घालील, त्यास प्रथम समज द्यावी, मग नोटीस द्यावी, त्याचे म्हणणे ऐकावे आणि मग काढावे. तेव्हा आम्हीच मसुदा लिहून देऊ. परंतु खोलीबाहेर तो कोणाच्या सभेत टाळ्या वाजवितो ते मंडळाच्या वहीत लिहू नये. आणि गोट्यांची पेटी मुळीच आणू नये. ज्यास नाही म्हणावयाचे त्याने उभे राहून कारण सांगून नाही म्हणावे.

एका सभासदांनी हरकत घेतली की, उभे राहून नाही म्हणावयाचे तर कोणी म्हणणारच नाही. भिडेपोटी वाटेल तो आत येईल. हरकत खरी आहे. गुप्त मतदानाने दुर्बळाचे रक्षण होते, हे निवडणुकीच्या कायद्यात आम्ही नेहमीच सांगत आलो. परंतु बारा माणसांच्या मंडळात अर्ज करणारा हाच दुर्बळ, आणि पेटीत हात घालणारा बलवान. तेथे गुप्ततेने रक्षण होते ते बलवानाचे. त्यांचे समाधान झाले असे नाही. त्यांनी आपला विरोध वहीत नोंदविण्यास सांगितले आणि तो नोंदविला गेला.

मतदान हात वर करून झाले. बारांपैकी सात अनुकूल, तीन प्रतिकूल, दोघे तटस्थ. तटस्थांत आमचे कार्यवाह होते. पुढच्या पावसाळ्यानंतरच्या बैठकीत नव्या सभासदाने जमिनीखालच्या पोलादी नळांना गंजापासून वाचविण्यासाठी विजेचा मंद प्रवाह कसा लावतात, आणि खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात त्याचे गणित कसे बदलते, यावर निबंध वाचला. त्यातील निम्मे आम्हांस समजले नाही. प्रतिकूल मत देणाऱ्या तिघांपैकी दोघे आले होते. मागच्या ओळीत बसले होते. त्यांतील एकाने जस्ताच्या कांड्या किती दिवसांनी बदलाव्या लागतात असा प्रश्न विचारला, उत्तर पटले नाही म्हणून पुन्हा विचारला, आणि तो वाद पोहे निवेपर्यंत चालला.